काडी टाकली तेव्हा

कुरआनच्या २९ व्या सूरहचे नाव ‘अल्-अनकबूत’, म्हणजे कोळी, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. पण कोळी निरखून पाहिलेला असतोच असे नाही. पावसाळ्यात सकाळी शेताच्या बांधावर जमिनीकडे पाहा. पांढुरकी गोळी मागे बांधून धावणारा तपकिरी कोळी दिसला, तर ती लांडगा कोळ्याची मादी समजा. गोळी म्हणजे अंड्यांची रेशमी थैली. वेळ झाली की आई जबड्याने थैलीची शिवण उसवते. पिल्ले तिच्या पाठीवर चढतात आणि काही दिवस तिथेच राहतात.

गेल्या वर्षी अशी एक मादी माझ्या मुलीला दिसली. फोटोसाठी मी मोबाईल काढला, तर ती गवतात शिरली. मी काडीने तिला बाहेर ढकलू लागलो आणि थैली सुटली. मुलगी ओरडली, “अब्बा, राहू द्या ना! तिची पिल्लं आहेत त्यात!”

मी काडी टाकली. आम्ही मागे सरलो. काही वेळाने मादी परतली, चाचपडत थैली शोधली, पुन्हा मागे जोडली आणि निघून गेली. फोटो राहिलाच.

आता आमचा नियम ठरला आहे. काडी लावायची नाही, पान तोडायचे नाही. मोबाईलला छोटे मॅक्रो भिंग लावायचे, फ्लॅशऐवजी पांढऱ्या कागदावरून उजेड पाडायचा, आपली सावली सांभाळायची आणि थांबायचे. ती थांबली तर फोटो, नाहीतर सलाम करून घरी.