खोटी खाण, खरी खाण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांनी आईला व मला खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात नेले. हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. तेथे 'गोल्ड रश एक्सप्रेस' नावाची गाडी आहे. सोन्याच्या खाणीचा देखावा, त्यात वळणे घेत धावणारी गाडी, आणि सारे कुटुंब मिळून बसेल एवढीच भीती. सैलानीच्या यात्रेत आकाशपाळण्याकडे नुसती मान वर करून पाहणारी माझी आईसुद्धा त्यात बसली.

गंमत अशी, की माझे मामा चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला आहेत. रांगेत उभे असताना त्यांनी खडकासारख्या दिसणाऱ्या भिंतीवर बोटाने टकटक केले. पोकळ आवाज आला. मामा हसून म्हणाले, "पोरी, खाली असा आवाज आला का आम्ही पयतो." खऱ्या खाणीत छत ठोकून पाहतात. आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला तर थर सुटलेला असतो. गाडीतून उतरल्यावर मामा पुन्हा म्हणाले, "आमच्या गाडीत बसाले कोनी पैसे देत नाई!"

परत आल्यावर कॉलेजात मी ही हकीकत सांगितली, तेव्हा दोन मते ऐकू आली. काहींच्या मते, कापसाला भाव नाही तिथे असली चैन कशाला? काहींच्या मते, मजा केली, विषय संपला! मित्रमैत्रिणींनो, मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात.

या खेळाचे एक मूळ खाणीतले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ साली कोळसा वाहण्यासाठी उतारावरचा रेल्वेमार्ग बांधला गेला. भरलेले डबे आपल्या वजनानेच खाली येत, रिकामे डबे खेचरे वर ओढून नेत. पुढे लोक हौसेने पैसे देऊन त्यात बसू लागले. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर केवळ करमणुकीसाठी तशी गाडी धावली. म्हणजे कष्टकऱ्यांची वाट होती, तिचा खेळ झाला. यात मला वाईट काही दिसत नाही. जात्यावरच्या ओव्या आपण स्नेहसंमेलनात म्हणतोच की!

मला विचार करायला लावले ते दुसऱ्याच गोष्टीने. गाडी सुटण्यापूर्वी एका मुलाने प्रत्येकाच्या मांडीवरचा दांडा ओढून पाहिला. अशा गाड्यांना रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही चाके असतात, म्हणून डबा रूळ सोडून उडत नाही. दोन मिनिटांच्या खोट्या भीतीसाठी माणसाने केवढी काळजी घेतली आहे! आणि खऱ्या भीतीचे काय? २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि सुमारे ३७५ कामगार गेले.

मामांना निदान टोपी आहे, दिवा आहे, पाळीआधी जागा तपासणारा सरदार आहे, कायदा आहे. माझे वडील मात्र उन्हाळाभर विहिरी खोदायला जातात. यारीच्या दोराला धरून ते साठ-साठ फूट खाली उतरतात. डोक्याला रुमाल, एवढेच संरक्षण. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी फी त्या दोरावरूनच वर येते.

मी त्यांना त्या दांड्याची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारले, "दर खेपेला पायतात?" मी म्हटले, "हो बाबा, दर खेपेला." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं हाय."

त्या 'बरं हाय' मध्ये तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला टोचले. करमणूक बंद करा असे मी म्हणणार नाही. आईचे त्या दिवशीचे हसू मला पुन्हा पाहायचे आहे. माझे म्हणणे एवढेच, की तिकीट काढणाऱ्याच्या जिवाला जी किंमत आहे, तीच मजुरी घेणाऱ्याच्या जिवाला असावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, ते चांगलेच आहे. यंदा ज्या गावी जाऊ, तिथे विहिरीचे काम चालू असेल तर मालकाला दोन प्रश्न विचारू या : दोर कधी बदलला? खाली उतरणाऱ्याच्या डोक्यावर टोपी का नाही? प्राध्यापक मंडळी सोबत असली तर मालक उत्तर टाळणार नाही.

आणि पहिला प्रश्न मी माझ्याच गावात विचारणार आहे.

(बी. ए. भाग २)