लिव्हरची चरबी : लाज नको, ताट बदला

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलं की वस्तीत पहिला प्रश्न येतो, दारू पिता का? थेंबही न घेतलेल्या आमच्या बाया मग रिपोर्टच लपवतात. दारू सोडायलाच हवी. पण साखर, मैदा आणि वाढलेलं पोटही लिव्हरवर चरबी चढवतं.

महागडं टॉनिक नको. चहा बिनसाखरेचा घ्या, खारी-बटर आणि थंड पेय बंद करा. भात कमी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी जास्त. 80 किलोच्या माणसाने 6 ते 8 किलो वजन हळूहळू उतरवलं, तर लिव्हरची सूजही उतरू शकते.

मात्र रेशनवर मुख्यतः तांदूळ-गहू देऊन ‘पथ्य पाळा’ म्हणणं आम्हाला मान्य नाही. ज्वारी आणि डाळ रेशनवर नियमित मिळालीच पाहिजे. ही मागणी आपण मिळून करू.