भरतीचं वय गेलेल्या बायका



आमच्या तालुक्याच्या गावात पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर मुली धावताना दिसतात. सगळ्या पोलीस भरतीच्या तयारीतल्या. मी तिथे जायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दूधवाल्या काकांनी गाडी थांबवून विचारलं, "ताई, कुठली भरती?" म्हटलं, "कुठलीच नाही काका, तब्येतीसाठी." त्यांना ते काही पटलं नाही. एका मुलीने तर बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "ताई, तुमचं वय बसणार नाही हो."

हसण्यावारी नेलं, पण ते मनातून गेलं नाही. बाईने धावायचं तर त्यामागे नोकरी हवी, पदक हवं, नाहीतर एसटी तरी सुटत असावी. नुसतं स्वतःच्या शरीरासाठी धावणं हे कुणालाच पुरेसं कारण वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या चळवळीतही ते वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी तहसील कचेरीवरच्या मोर्चात घोषणा देता देता मला भोवळ आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.१. समाजकार्यात एम.ए. केलेली, दहा वर्षं गावोगाव 'बाई, आधी तू जेव' असं सांगत फिरणारी मी! दिवसभरात पाच-सहा चहा, दुपारी मिळालं तर वडापाव आणि रात्री दहाला भात, असं माझं चाललं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. हा आकडा मी कितीतरी शिबिरांत फळ्यावर लिहिलाय. त्यात मी आहे हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसरा मूर्खपणा असा की घाबरून मी लगेच धावायलाच लागले. डॉक्टरीणबाईंनी चांगलं झापलं. आधी रक्त, मग धावणं. लोहाच्या गोळ्या घेतल्या, लिंबूपाण्याबरोबर आणि चहापासून तास-दीड तास लांब, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं म्हणून कित्येक जणी घाबरून गोळ्या सोडतात. ते लोहामुळे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आपण शिबिरात का सांगत नाही कोण जाणे. तीन महिने नुसती चालले. मग एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. धावता धावता शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की वेग जास्त झाला, एवढा एकच नियम. वजनकाटा ठेवला नाही. बारीक होण्याचा धाक बायकांना पुरेसा आहे, त्यात आपण भर कशाला घालायची?

हे सगळं मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती भडकल्या. "शेतात राबून कंबर मोडलेल्या बाईला तू पळायला सांगतेस? हे भरल्या पोटाचं खूळ आहे." त्यांचा राग मी उडवून लावणार नाही. रोजगारावर खुरपायला जाणाऱ्या बाईला धावायला सांगणं निर्लज्जपणाचंच ठरेल. तिला विश्रांती हवी, पोटभर जेवण हवं. पण राबणं म्हणजेच व्यायाम हे मला मान्य नाही. राबताना बाई तेच ते सांधे झिजवते, दमली तरी थांबू शकत नाही, आणि थांबल्यावर ताटात उरलंसुरलं येतं. व्यायामात कधी थांबायचं हे आपण ठरवतो. आणि आपल्यातल्या कितीजणी आज खुरपायला जातात? आपण खुर्चीत बसून अहवाल लिहितो, जीपमध्ये बसून गावं करतो. चाळिशीच्या आसपास आपल्यातल्या अनेकींना साखर आणि रक्तदाब गाठतो, तो काही राबण्यामुळे नव्हे.

अडचण खरी वेळेची आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनमोबदला घरकाम करतात, पुरुष ८८. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्याच्या व्यायामाच्या जवळजवळ दुप्पट वेळ बाईचा एका दिवसात घरात जातो! तेव्हा 'पहाटे लवकर उठा' हा सल्ला मी देत नाही, तो झोपेतूनच वेळ कापतो. आमच्या सातजणींपैकी एकीच्या नवऱ्याने पाणी भरायचं अंगावर घेतलं, एकीच्या सासूबाई डब्याच्या पोळ्या लाटतात, आणि मी सकाळचा स्वयंपाक सरळ सोडला, आदल्या रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खातो आम्ही. दोघींना मात्र घरून जमू दिलं गेलं नाही. त्या आता येत नाहीत.

काही गोष्टी मैदानावरच उघड बोलता आल्या. दोन बाळंतपणं झालेल्या मैत्रिणीची धावताना लघवी निसटायची. ती म्हणे, मी घरीच बरी. मग कळलं, आणखी दोघींचं तेच. लघवी रोखणारे स्नायू रोज आवळण्या-सोडण्याचा व्यायाम डॉक्टरीणबाईंनी शिकवला, तिघींनाही फरक पडला. एवढी वर्षं तिघी शेजारी राहतात, एकमेकींना बोलल्या नव्हत्या.

भरतीच्या मुली आठशे मीटर धावतात. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायका प्रथमच हे अंतर धावल्या. शर्यतीनंतर बायका कशा कोसळल्या याची तिखटमीठ लावलेली वर्णनं वर्तमानपत्रांत आली आणि बायकांना हे अंतर झेपत नाही असं ठरवून टाकलं. विजेत्या लीना रादके यांनी त्याच शर्यतीत विश्वविक्रम केला होता, ते राहिलं बाजूला. १९६० पर्यंत ही शर्यत बायकांसाठी बंद होती. आणि आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या, दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. हे मी मुलींना सांगितलं तेव्हा त्यांना ललिताताई माहीत होत्या, १९२८ चं माहीत नव्हतं. "बत्तीस वर्षं बंद?" म्हणून एकजण मोठ्याने हसली आणि पुढच्या फेरीला लागली.

मैदानाचं मात्र भांडण चालूच आहे. सात वाजता मुलांचं क्रिकेट सुरू झालं की आम्ही कडेने. हिवाळ्यात अंधार असतो, दोन दिवे लावा म्हणून अर्ज दिलाय. स्वच्छतागृहाला कुलूप असायचं, म्हणून मुली पाणी न पिताच धावायच्या. तीन वेळा अर्ज केला, चौथ्या वेळी सातजणी आणि अकरा मुली कचेरीतच जाऊन बसलो. दिवे अजून आलेले नाहीत. किल्ली मिळाली. ती सध्या माझ्याकडे असते, आणि बाहेरगावी जाताना मी ती 'वय बसणार नाही' म्हणणाऱ्या त्या मुलीकडे देऊन जाते.