सामान किती लागले?

"कॅमेरा दुरुस्त करणारा विश्वासाचा माणूस आता उरला नाही हो!" असा सुस्कारा टाकून आपण दिवाळीच्या झाडलोटीत सापडलेला जुना कॅमेरा पुन्हा माळ्यावर ठेवून देतो. माझे म्हणणे निराळे आहे, आणि सणासुदीला ते कडू लागेल याची मला कल्पना आहे. तो माणूस उरला नाही असे नव्हे. आपण त्याला उरू देत नाही. ह्या खटल्यात पहिला आरोपी मीच आहे.

आमच्या युसूफ वडगावच्या घरात वडिलांचा यशिका-डी आहे. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून खाली पाहायचा. ही जात १९५८ साली निघाली. वडील शिक्षक, शाळेचे गट, पोळ्याचे बैल आणि केज तालुक्यातल्या निम्म्या सोयऱ्यांची लग्ने त्यांनी त्यात टिपली. वडील गेले, कॅमेरा ट्रंकेत पडला, आणि एक सेकंदाचा वेग लावला की शटर मध्येच अडकू लागले. हे वापराने होत नाही, बरे का, न वापरल्याने होते. मंद वेगांसाठी आत घड्याळासारखी बारीक दातेरी चाके असतात. त्यांतले वंगण सुकून डिंकासारखे होते.

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो त्याच कॅमेऱ्याने काढायचे, म्हणून मी तो शहरातल्या एका झगमगीत दुकानात दिला. चार दिवसांत मिळाला. बिलावर लिहिले होते : 'शटर पार्ट, कंपनीचा, नवीन.' मी खूश! आता विचार करा. यशिका कंपनी १९८३ साली क्योसेराने पोटात घेतली आणि २००५ साली क्योसेराने कॅमेऱ्यांचा धंदाच गुंडाळायला काढला. नवा पार्ट येणार कुठून? स्वर्गातून? सुटा भाग मिळतो तो दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढलेला. पण मला पार्ट हवा होता. दुकानदाराने तो दिला, कागदावर.

प्रत्यक्षात त्याने आत तेल सोडले होते. चाके फिरली, खटका वाजला. पण तेल शटरच्या पात्यांवर उतरले आणि पाती एकमेकांना चिकटली. ह्या कॅमेऱ्यात वरच्या भिंगातून पाहायचे आणि फोटो घ्यायचा खालच्याने. वरच्यातून मला आई दिसत होती, समईच्या उजेडात, सुनांकडून ओवाळून घेताना. खालचे मिटलेलेच होते. बाराही फोटो कोरे निघाले. पुढच्या आषाढात आई गेली.

मग मुंबई गाठली. फोर्टात, बोरा बाजाराच्या बाजूला, एका जिन्याखाली एक म्हातारे गृहस्थ बसतात. त्यांनी माझ्यासमोर कॅमेरा उघडला, पात्यांवरचे तेल दाखवले आणि म्हणाले, "मीटर असता तर हातच लावला नसता, ते काम मला येत नाही. हे येते. पंधरा दिवसांनी या." गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडून एक सेकंदापासून पाचशेव्या भागापर्यंत सगळे वेग मला दाखवले, ऐकवले. तीन हजार रुपये सांगितले. आणि मी, तोंड पोळलेला माणूस, काय विचारावे?

"काका, सामान किती लागले?"

"सामान काही नाही, साहेब. आठ तास लागले."

"मग तीन हजार कसले? दोन घ्या."

ते रागावले नाहीत. बिलबुक पुढे ओढून म्हणाले, "एखादा पार्ट लिहून देऊ का? म्हणजे पैसे काढताना जड जाणार नाही."

लबाडाचा कारखाना कुठे आहे तो मला त्या दिवशी कळला. तो आपल्या जिभेवर आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, हाताचे देत नाही. आठ तास डोळे फोडून साफसफाई करणारा आपल्याला महाग वाटतो. तेलाचा थेंब सोडून पार्टची थाप मारणारा वाजवी वाटतो. मग दहा वर्षांनी पहिला दुकान मिटतो, दुसरा शोकेस वाढवतो, आणि आपण सुस्कारा टाकायला मोकळे! बलुत्याच्या काळात आमच्याकडचा सुतार वर्षभर नांगर-तिफण नीट करी आणि सुगीला खळ्यावरून धान्य नेई; खुंटी नवी की जुनी, असा हिशेब त्याच्याशी होत नसे. ती व्यवस्था माणसाला जातीला जखडणारी होती, मोडली ते उत्तम झाले. पण हाताला मोल असते ही समजही तिच्याबरोबर मोडीत काढायची होती काय?

फिल्मच संपली, आता कशाला, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा बाजारात आणला. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समितीही नेमली. मोबाईल, मोटारी, शेतीची अवजारे तिच्या कक्षेत घेतली. चांगले केले. कंपनीला सुटे भाग द्यायला भाग पाडता येईल. पण धंदा सोडून गेलेल्या कंपनीच्या कॅमेऱ्याला सरकार काय करणार? तिथे जिन्याखालचा म्हातारा आणि त्याचा स्क्रूड्रायव्हर, एवढेच.

तीन हजार मोजले. निघताना त्यांच्या मागची फळी दिसली. दुरुस्त होऊन पडलेले, न्यायला कोणी न आलेले कॅमेरे. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी. एकीवर नुसते 'अंबाजोगाई' लिहिलेले. म्हणजे आमच्याच भागातला कोणीतरी. तुमचा असेल तर ह्या दिवाळीत जाऊन घेऊन या, आणि ठरलेली मजुरी पुरी द्या.