छप्पर आपलं, वीज कुणाची?

महाविद्यालयांत सध्या हिरवाईचा हंगाम आहे. शपथ घ्यायची, रोप लावायचं, फोटो काढायचा, अहवालाला जोडायचा. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप! यूजीसीने २०२३ मध्ये पदवी वर्गांसाठी पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा दिला. नॅकच्या सातव्या निकषात सौर ऊर्जा, एलईडी दिवे, हरित लेखापरीक्षण यांची नोंद मागितली गेली. त्याच निकषात आणखी एक मुद्दा आहे : आवारात वाहनांना मर्यादित प्रवेश आहे का? तलासरीच्या एखाद्या पाड्यावरून एसटीने नाहीतर पायी येणाऱ्या वारली पोराला हे विचारून बघा. त्याची गाडी आवारात येत नाही, कारण त्याच्याकडे गाडीच नाही. त्याच्या गरिबीचे गुण कॉलेजला मिळणार!

झाड लावायला कुणाचाच विरोध नाही. आक्षेप आहे तो प्रश्न बदलण्याला. वीज कोण वापरतो, राख कोण झेलतो, नफा कोण नेतो, हे कुणी विचारत नाही. तू पंखा बंद केलास का, एवढंच विचारलं जातं. ज्याच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा, त्यालाच काटकसरीचे धडे द्यायचे, ही या देशातली जुनी रीत आहे.

आता डहाणू बघा. खाडीकाठचं कोळशाचं वीज केंद्र ५०० मेगावॅटचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ते चालू आहे. मालक बदलत गेले : आधी बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ मध्ये अदानी. वीज मात्र पहिल्यापासून मुंबईच्या उपनगरांसाठी. कोळसा इथे जळतो, राख इथे साठते, उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे इथल्या रानातून जातात. झगमगाट तिकडे, राख इकडे. वाटणी कुणी ठरवली?

याच डहाणू तालुक्याला केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. धुरातलं गंधक रोखणारं संयंत्र बसवा, असा आदेश या प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. संयंत्र सुरू झालं २००७ मध्ये. आठ वर्षं गेली! तेही कुणाच्या शपथेने झालं नाही. त्यासाठी कागद, तज्ज्ञ, वकील आणि चिवटपणा लागला.

पण याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला आणि २०२३ मध्ये वाढवण बंदराला परवानगी दिली. प्राधिकरण तेच, किनारा तोच, निकाल उलटा. आकडे दुसऱ्याचे, अहवाल दुसऱ्याचा, निर्णय दुसऱ्याचा असेल, तर संरक्षणही दुसऱ्याच्या मर्जीवर राहतं. म्हणून कॉलेजांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपली माणसं मोजायला, तपासायला, उलटतपासणी करायला कुठे शिकणार? इथेच.

आपल्यातलेच काही जण म्हणतात, पर्यावरण हा सवर्णांचा रविवारचा छंद आहे; आपण आरक्षण, शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटी यावर बोलावं. मित्रांनो, मग बाबासाहेबांचं काय करायचं? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ ते मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ च्या धोरण समितीच्या बैठकीत त्यांनी मुबलक आणि स्वस्त विजेचा संबंध थेट या देशातल्या दारिद्र्याशी जोडला. विजेची मालकी खाजगी असावी की सरकारी, हा प्रश्नही तिथेच मांडला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी त्यांची मागणी होती. वीज हवीच, पण तिचा मालक कोण ते आधी सांगा, ही आंबेडकरी भूमिका आहे. ती आपण सोडली, म्हणून मैदान शपथवाल्यांना मोकळं मिळालं.

तलासरीच्या महाविद्यालयाला कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकरांचं नाव आहे. यातले शामराव १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधिमंडळात निवडून आले होते आणि खोतीविरोधी लढ्यात बाबासाहेबांच्या बरोबर होते. पुढे १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला, तो परुळेकर दाम्पत्याच्या साथीने. आंबेडकरी आणि आदिवासी चळवळ इथे एकमेकांना अनोळखी नाहीत.

आता छपराकडे येऊ. २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तिचं अनुदान घरांसाठी आहे, संस्थेच्या कॉलेजसाठी नाही. कॉलेजला उरतात दोन वाटा. पहिली, स्वतःचे पैसे घालून पॅनेल बसवा. दुसरी, छप्पर कंपनीला द्या. ती पॅनेल बसवते आणि वीस-पंचवीस वर्षांच्या करारावर तीच वीज तुम्हाला विकते. शहरातल्या श्रीमंत संस्थेला पहिली वाट परवडते. आदिवासी, दलित मुलांच्या कॉलेजला दुसरीच. म्हणजे छप्पर आपलं, ऊन आपलं आणि बिल कंपनीला!

हिशेब अवघड नाही. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर छप्पर लागतं आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. २५ किलोवॅटचा संच म्हणजे दिवसाला शंभर युनिट. एप्रिल-मे मध्ये ऊन भरपूर असतं, तेव्हा कॉलेजला सुट्टी असते. ती वीज महावितरणच्या जाळ्यात जाते. तिचा मोबदला वसतिगृहाच्या खात्यात का येऊ नये?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. डहाणू-तलासरीतल्या प्रत्येक कॉलेज, आश्रमशाळा आणि वसतिगृहावर सरकारी खर्चाने सौर संच बसवा. मालकी संस्थेची, आणि त्यासाठी शिष्यवृत्तीला किंवा आदिवासी उपयोजनेला कात्री लावायची नाही. संच बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम इथल्याच मुलामुलींना शिकवून त्यांनाच द्या. तशी अट कंत्राटातच घाला. आज तीच पोरं उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत कंत्राटावर राबतात. हवा आणि पाणी तपासायची उपकरणं कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्या आणि दर महिन्याचे आकडे मराठीत ग्रामसभेपुढे ठेवा. हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत, १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. ग्रामसभेला हे मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

विद्यार्थ्यांनी धोरणात पडू नये, असं कुणी सांगितलं तर बाबासाहेबांचं कोलंबिया विद्यापीठ दाखवा. तिथे विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, ठिय्या दिला. विद्यापीठाने २०१७ मध्ये कोळसा कंपन्यांतून गुंतवणूक काढायचं ठरवलं आणि २०२१ मध्ये तेल व वायू कंपन्यांत थेट गुंतवणूक न करण्याचं धोरण जाहीर केलं. तिथली पोरं विद्यापीठाचा पैसा कुठे जातो ते विचारू शकतात, मग आपण आपल्या छपराचा करार का विचारू नये?

सुरुवात माहिती अधिकाराच्या साध्या अर्जाने करा. तुमच्या कॉलेजचं हरित लेखापरीक्षण, मागच्या तीन वर्षांची वीजबिलं आणि सौर संचाचा करार असेल तर त्याची प्रत मागा. अनुदानित कॉलेजला ती द्यावी लागते. कागद हातात आला की तो वसतिगृहात सगळ्यांसमोर वाचा, मग ग्रामसभेत वाचा. पुढच्या शपथेच्या कार्यक्रमाला उभे राहाल तेव्हा हातात रोपाबरोबर तो कागदही असू द्या.

जयभीम! जोहार!