दोघांपुरता किनारा

लग्नसराई सरली की ‘कुठे जावं?’ हा प्रश्न घरोघरी निघतो. नव्या जोडप्यांसाठीच्या या अंकात आम्ही तुर्कस्तानचा भूमध्य किनारा निवडला आहे, तोही हलाल पर्यटनाच्या अंगाने. रत्नागिरीपासून आखातापर्यंत पसरलेल्या आमच्या मुस्लिम वाचकांना हा विषय जवळचा वाटेल; दारूच्या गोंगाटापासून दूर राहू पाहणाऱ्या इतरांनाही.

हलाल जेवण तिथे सहज मिळतं. अडचण असते ती किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांत: दारू पॅकेजमध्येच धरलेली, पोहण्याचा तलाव सगळ्यांना एकच. याच किनाऱ्यावरच्या अलान्या शहरातल्या हलाल हॉटेलांनी यावर तोड काढली. बायकांसाठी वेगळा तलाव, उंच आडोसा केलेली वेगळी चौपाटी; अनेक ठिकाणी मोबाइल दारातच जमा करावा लागतो. पण मग नवरा-बायकोने एकत्र पोहायचं कुठे? जाहिराती हा प्रश्न शिताफीने टाळतात. उत्तर असं: याच किनाऱ्यावरच्या कालकान गावाच्या आसपास डोंगरउतारावर बाहेरून न दिसणाऱ्या खासगी तलावाचे बंगले भाड्याने मिळतात. खिशाला जड खरे, पण आमच्या मते पैसे तिथेच खर्चावेत.

आणि दिवसभर हॉटेलात बसू नका. अलान्याच्या बंदरावर सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादने बांधलेला १२२६ सालचा आठकोनी लाल बुरूज उभा आहे. वर चढून जा.

तुमच्यापैकी कुणी जाऊन आलं असेल, तर खर्चाच्या हिशेबासकट आम्हाला जरूर लिहा. तक्रारीही छापू.