पाकिटावरची तारीख पुरेशी नाही

चाकण, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून खोलीवर परतणारा कामगार फ्रीजमधील तयार जेवणाचे पाकीट तारीख पाहून घेतो. पण ती तारीख खरी ठरते ती थंडी अखंड टिकली तरच!

साधे पॉलिथीन पाण्याची वाफ अडवते, ऑक्सिजन मात्र झिरपू देते. नायलॉनचा थर तोही बराचसा अडवतो. म्हणून बुरशी वाढत नाही. परंतु ऑक्सिजनविना वाढणाऱ्या, घातक विष निर्माण करणाऱ्या बॉट्युलिनम जंतूंना केवळ थंडीच आवर घालते.

पोलिओ लशीच्या कुप्यांवर १९९६ पासून उष्णतेने काळवंडणारा चौकोन येऊ लागला. विद्यार्थी मित्रांनो, तसाच चौकोन या पाकिटांवरही सक्तीचा का नसावा?